नाव कोण ठेवणार?



तृतीयपंथी माणसाची ओळख कुणी ठरवायची, यावर आपल्यातच दोन तट आहेत. झाकून ठेवण्यात अर्थ नाही. एक म्हणतो, माणूस स्वतःला बाई म्हणो, पुरुष म्हणो की दोन्ही नाही म्हणो, तेच खरं. दुसरा म्हणतो, नुसतं म्हणून कसं चालेल? डॉक्टर पाहिजे, साहेबाची सही पाहिजे. मी पहिल्या बाजूचा. का, ते सांगतो.

आपल्याला नावं ठेवायचा धंदा या देशात हजारो वर्षं चालला. मनूने ठेवली, गावाने ठेवली, गांधींनी 'हरिजन' ठेवलं. आपण ते फेकून दिलं आणि 'दलित' म्हणून छाती पुढे काढली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखो माणसांनी आपली ओळख आपल्या तोंडाने सांगितली. कुठल्या कलेक्टरला विचारलं होतं? सरकारने मात्र कागद पुढे केला: बौद्ध झालात, आता तुम्ही अनुसूचित जातीचे नाही. केंद्राच्या सवलतींना १९९० उजाडलं. ३४ वर्षं! स्वतःचं नाव स्वतः घेतलं की सत्ता कसा सूड उगवते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

हिजड्यांचंही तेच. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात पहिला भाग जमातींचा, दुसरा हिजड्यांचा. पोलिसांच्या रजिस्टरात नाव. बायकी कपड्यात रस्त्यावर नाचलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. पुढे हाच कायदा आपल्या पारध्या-कैकाड्यांच्या पालापर्यंत आला. एकाच रजिस्टरातली माणसं आपण.

१५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टाने नालसा खटल्यात सांगितलं, ओळख ज्याची त्याने ठरवायची. शस्त्रक्रियेची सक्ती बेकायदा. २०१९ च्या कायद्याने एका कलमात तो हक्क दिला आणि पुढच्याच कलमांत जिल्हाधिकाऱ्याच्या दाखल्याला बांधला. 'स्त्री' किंवा 'पुरुष' अशी नोंद हवी, तर शस्त्रक्रिया करून पुन्हा त्याच दारात. आणि लैंगिक अत्याचाराला त्या कायद्यात शिक्षा किती? सहा महिने ते दोन वर्षं. बाईवरच्या बलात्काराला तेव्हा किमान दहा वर्षं होती. म्हणजे दाखला मिळाला, पण माणूस निम्माही धरला नाही.

आता काही साथी विचारतात: जातीला पडताळणी आहे, मग लिंगाला का नको? उद्या कुणीही उठेल आणि राखीव जागा खाईल. प्रश्न खोटा नाही. बोगस दाखल्यांनी आपल्या जागा खाल्ल्यात. पण जात बापजाद्यांच्या कागदात असते, शाळेच्या दाखल्यात असते. पडताळणी समिती कागद बघते, कुणाची चड्डी उतरवत नाही. लिंगभाव बापाच्या कागदात सापडत नाही. तो त्या माणसालाच विचारावा लागतो. खोटं बोलणाऱ्याला शिक्षा करा. त्याच्यापायी सगळ्यांना नागवं करू नका.

आणखी एक. २०१४ च्या निकालाने तृतीयपंथींना मागासवर्ग धरायला सांगितलं. मग दलित तृतीयपंथीने कुठे उभं राहायचं? जातीच्या रांगेत की लिंगाच्या? आपली मागणी समांतर आरक्षणाची, प्रत्येक प्रवर्गाच्या आत. कर्नाटकने २०२१ मध्ये सरकारी भरतीत एक टक्का असं दिलं. म्हणजे करता येतं.

१९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यात 'दलित' म्हणजे एक जात नव्हती. कामगार, भूमिहीन, स्त्रिया, सगळे नाडलेले त्यात होते. हिजडा हा शब्द तिथे नव्हता. तो आता आपण लिहायचा. मोर्च्यात टाळी वाजली की तोंड दाबून हसणारा कार्यकर्ता आपल्याला परवडणार नाही. ज्याचं नाव त्याने सांगायचं. आपण त्या नावाने हाक मारायची आणि सरकारलाही मारायला लावायची.

जय भीम!