दाणे चिमणीला, पाहुणा शिक्रा

आष्टीहून बोलतेय, बचत गटांचं काम पाहणारी तुमची ताई. आज हप्ता आणि पासबुक बाजूला ठेवू. आज बोलायचंय अंगणातल्या दाण्यांबद्दल. पण हिशोब त्यातही आहेच, ऐका.

आपला तालुका कमी पावसाचा. मार्च लागला की ओढे आटतात. 20 मार्चला चिमणी दिवस असतो. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकारानं तो 2010 पासून पाळला जातो. गेल्या वर्षी त्या दिवशी आमच्या गटानं ठरवलं की प्रत्येकीनं अंगणात पाण्याचं एक परळ ठेवायचं आणि सकाळी मूठभर बाजरी टाकायची. चिमण्या आल्या, होले आले, साळुंक्या आल्या. लेकरं तर हरखून गेली.

पंधरा दिवसांनी गटातल्या एक मावशी बैठकीत आल्या त्याच रागानं. म्हणाल्या, "ताई, तुमच्या चिमण्यांच्या दाण्यानं माझा घात केला बघा. ससाण्यानं सहा पिल्लं नेली. कर्ज कशानं फेडू?" त्यांनी गटाचं कर्ज काढून वीस पिल्लं घेतली होती. घरात कमावतं दुसरं कुणी नाही. दाणे टाकायचं मीच सुचवलं होतं, त्यामुळे मला मान वर करवेना. कुणी म्हणालं, दाणे बंद करा. एकीनं तर सांगितलं, मेलेल्या पिल्लाला औषध लावून ठेवा, ससाणा आपोआप मरंल.

मी म्हटलं, दोन दिवस थांबा, आधी बघू तरी. दुसऱ्या दिवशी मावशींच्या ओट्यावर जाऊन बसले. दुपारी चिमण्यांचा एकदम कलकलाट झाला आणि कडुनिंबातून एक पक्षी सपकन खाली आला. तो होता शिक्रा. कबुतराएवढा, पाठ राखाडी, छातीवर तांबूस बारीक पट्टे, पाय पिवळे. तो सरडे, उंदीर, टोळ, लहान पक्षी खातो. मोकळ्या अंगणात चिमण्यांचा थवा दिसला की येणारच, आणि आला की कोंबडीचं पिल्लूही दिसणारच. म्हणजे मावशींचं अर्धं खरं होतं.

उरलेलं अर्धं खुराड्यात सापडलं. मागच्या बाजूला बिळाएवढं भोक, भोवती पिसं आणि रक्ताचे डाग. शिक्रा रात्री शिकार करत नाही. ते काम मांजरासारख्या रात्री फिरणाऱ्या प्राण्याचं. सगळा आळ मात्र शिक्र्यावर!

मग आम्ही काय केलं ते सांगते. आठ दिवस दाणे बंद ठेवले. आयतं खाणं मिळेना, तसं शिक्र्याचं येणं कमी झालं. नंतर दाण्यांची जागा बदलली. आता दाणे बोरीच्या काटेरी झुडपाजवळ, चार-पाच पावलांवर टाकतो. चिमणीला झटकन आत शिरता येतं, आणि मांजराला दबा धरायला अगदी जवळ जागा राहत नाही. दाणे संपतील एवढेच टाकायचे, नाहीतर रात्री उंदीर येतात. परळ रोज घासायचं. पिल्लांची जागा वेगळी. दीड-दोन महिन्यांची होईपर्यंत ती डालग्याखाली, नाहीतर वर जुनी जाळी बांधलेल्या कुंपणात. खुराड्याचं भोक दगड-मातीनं बुजवलं. एवढ्याला मावशींचा खर्च जवळजवळ शून्य. उरलेली चौदा पिल्लं मोठी झाली, अंडी विकून हप्ते सुरू आहेत.

आता त्या औषधाचं. मैत्रिणींनो, हे कधीच करू नका. विष लावलेलं पिल्लू कुत्रं ओढून नेईल, कोंबडी टोचेल, लेकराचा हात लागेल. शिवाय शिक्रा, घार, घुबड यांना मारणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. आणि गिधाडं आठवा. आपल्या लहानपणी मेल्या जनावरावर दिसायची, आता कुठं आहेत? जनावरांना टोचलेलं डायक्लोफिनॅक त्या मढ्यातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि ती मेली. 2006 साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता.

आणखी एक. वर दिसेल तो प्रत्येक पक्षी पिल्लं नेत नाही. पांढरी-राखाडी, लाल डोळ्यांची कापशी घार शेतावर एका जागी पंख फडफडवत थांबते, ती उंदरासाठी. गव्हाणी घुबडाला आपण अपशकुनी म्हणतो, पण रात्रभर उंदीर मारून ते आपलीच ज्वारी राखतं. त्याला मजुरी कोण देतं?

जखमी पक्षी सापडला तर खोक्यात अंधारात ठेवा, तोंडात पाणी ओतू नका, आणि वनविभागाच्या 1926 या नंबरवर फोन करा.

परवा मावशींनीच मला सांगितलं, "ताई, शिक्रा आला हुता. कोंबडी ओरडली, पिल्लं डालग्याखाली पळाली. गेला बिचारा उपाशी." त्या 'बिचारा' शब्दावर मी मनापासून हसले.

पुढच्या बैठकीत कर्जाचा अर्ज भरताना एक काम करा. पिल्लं घेणाऱ्या प्रत्येकीच्या घरी दोघींनी जाऊन खुराडं तपासा. पिल्लं नंतर, आधी भोक बुजवा. येते मी. नमस्कार.