जप्तीची मर्यादा



कळंबोली म्हटले की पोलाद बाजार आणि मालट्रकांच्या रांगा डोळ्यांसमोर येतात. यांतील कित्येक ट्रक कर्जावर घेतलेले असतात. सिडकोच्या वसाहतीतील कित्येक घरेही तशीच. हप्ते थकले की कुटुंबाच्या कानी एकच शब्द पडतो, जप्ती. तो ऐकताच माणूस खचतो आणि बँकेचे पाकीट न फोडताच कपाटात ठेवतो. खरी हानी तेथूनच सुरू होते.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. न वाचता अंगठा उठविलेल्या खतांवर सावकार एकतर्फी हुकूमनामे मिळवीत आणि शेतकऱ्याची जमीन जाई. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे या संतापाचा भडका उडाला. खतपत्रांची होळी झाली. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला आणि खतावरील आकड्यावर न थांबता व्यवहाराच्या मुळाशी जाण्याचे कर्तव्य न्यायालयांवर आले.

जप्तीला मर्यादा हवी, हे तत्त्व कायद्याने स्वीकारले आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल व बियाणे हुकूमनाम्यापोटी जप्त करता येत नाहीत. धर्मरूढीनुसार स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे अलंकारही त्यात येतात. मंगळसूत्राचा मान संहितेने असा राखला आहे.

मात्र जे स्वतःहून तारण दिले, त्याला हे संरक्षण नाही. तारण घराच्या बाबतीत बँकेला २००२ च्या सरफेसी कायद्याने दावा न लावताही ताबा घेता येतो. तरीही आधी साठ दिवसांची नोटीस द्यावीच लागते. कर्जदाराने हरकत घेतल्यास पंधरा दिवसांत सकारण उत्तर द्यावे लागते. ताब्याच्या कारवाईविरुद्ध पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. लिलावात देण्याहून अधिक रक्कम आली, तर उरलेला पैसा कर्जदाराचा. वाहनाच्या बाबतीतही गुंड पाठवून ताबा घेणे गैर आहे. कायद्याने मान्य केलेल्या मार्गानेच वसुली व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली बँकांना बजावले.

घेतलेले ऋण फेडणे हे कर्तव्यच आहे. आपल्या संस्कृतीने ते कधी हलके मानले नाही. परंतु धनकोलाही नियमांचे बंधन असते, याची जाण ऋणकोला हवी. नोटीस नाकारली तर ती दारावर चिकटविली जाते, वृत्तपत्रांत छापली जाते आणि साठ दिवस सरतच राहतात. त्याच साठ दिवसांत हप्त्यांची फेरमांडणी मागता येते, हिशेब तपासता येतो, वकिलाचा सल्ला घेता येतो.

म्हणून शेजारच्या घरी असे पाकीट आले, तर कुजबुज करू नये. त्या घरी जावे, पाकीट फोडून वाचून दाखवावे आणि नोटिशीवरची तारीख दिनदर्शिकेवर लिहून द्यावी.