कातडीवरचा चट्टा आणि अंतरीचा दाह
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कोपर, गुडघे किंवा डोके यांवर लालसर चट्टे उठून त्यांवर चंदेरी खपल्या धरतात, त्या विकारास सोरायसिस म्हणतात. हे कुष्ठ तर नव्हे, अशा शंकेने पुष्कळ घरांतून रोग्याचे पान पंगतीत वेगळे मांडले जाते. आणि रोगी उपवर कन्या असल्यास सोयरीक मोडेल या धास्तीने औषधोपचारही चोरून होतात. वस्तुतः हा विकार स्पर्शाने पसरत नाही. २०१४ साली जागतिक आरोग्य सभेने तो असंसर्गजन्य असल्याचे ठरावातच नमूद केले आहे.

तथापि तो केवळ कातडीचा रोग आहे, असेही समजू नये. शरीराची संरक्षक यंत्रणा यात अकारण चेतते. निरोगी त्वचेच्या पेशी सुमारे २८ दिवसांत पालटतात; येथे ते कार्य अवघ्या चार-पाच दिवसांत उरकते. हा दाह चेतविणारी टी.एन.एफ.-अल्फासारखी द्रव्ये रक्तातून सर्वत्र संचार करतात. पोटाभोवती साठलेला मेदही अशीच द्रव्ये निर्माण करतो, आणि त्यांच्या योगाने इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. स्थूलता, मधुमेह आणि रक्तदाब हे या रोग्यांत अधिक आढळतात ते यामुळेच. ब्रिटनमधील वैद्यकीय नोंदींवर आधारलेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तीव्र सोरायसिस असलेल्या तरुणांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका समवयस्कांच्या मानाने बराच अधिक दिसला.

यास्तव नुसते मलम लावून स्वस्थ बसू नये. रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब यांची तपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित करावी. कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरांच्या आत राखावा, असे भारतीयांसाठीचे प्रमाण आहे. स्थूल व्यक्तीने वजन उतरविल्यास चट्ट्यांसही उतार पडण्यास साहाय्य होते. तंबाखू व मद्य वर्ज्य करावे. ऐकीव सल्ल्याने स्टेरॉइडच्या गोळ्या तर मुळीच घेऊ नयेत. त्यांनी साखर वाढते, आणि त्या एकाएकी थांबविल्या असता रोग दुप्पट जोराने उसळू शकतो.

परंतु लपविलेल्या रोगाची तपासणी कोण करणार? आपण तोंड फिरविले, की रोगी डॉक्टरांकडे जाण्यासही संकोचतो, आणि अंतरीचे विकार वाढत राहतात. म्हणून आजच्या भोजनसमयी अशा बंधुभगिनींस आपल्या शेजारचेच पान द्यावे, एवढी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.