बरणी फुटली की फोडली?

स्वयंपाकघरात खळकन आवाज होतो. आपण ओसरीवरून विचारतो, "काय गं झालं?" आतून उत्तर येतं, "बरणी फुटली." "मी फोडली" असं कोणी म्हणत नाही. फुटली म्हटलं की बरणी जणू आपल्या आपणच फुटली.

आपल्या मराठीत अशा जोड्या भरपूर आहेत. जळणं आणि जाळणं, मरणं आणि मारणं, पेटणं आणि पेटवणं, पडणं आणि पाडणं. पहिल्या शब्दात करणारा दिसत नाही, दुसऱ्यात त्याला लपता येत नाही. "विवाहितेचा भाजून मृत्यू" असा मथळा येतो. बाई जळाली की जाळली हे तपासाआधी वार्ताहराला ठाऊक नसतं, हे मान्य. पण खाली "स्टोव्हचा भडका उडाल्याने" असं छापलेलं असतं, ते त्याला कोणी सांगितलं? सासरच्यांनी सांगितलं असेल, तर "सासरच्यांच्या म्हणण्यानुसार" हे दोन शब्द छापायला किती जागा लागते?

आता पुण्याच्या शनिवार पेठेत जाऊ. शनिवारवाड्याच्या पटांगणावर ३१ डिसेंबर २०१७ ला एल्गार परिषद भरली. दुसऱ्या दिवशी, १ जानेवारीला, कोरेगावच्या लढाईला दोनशे वर्षं होत होती. त्या लढाईत पेशव्यांच्या फौजेसमोर उभ्या राहिलेल्या कंपनीच्या तुकडीत महार शिपाई मोठ्या संख्येनं होते. तिथल्या जयस्तंभाला बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये भेट दिली, आणि आजही दरवर्षी लाखो माणसं तिथं येतात. त्या वर्षी वाटेवर दगड चालले, गाड्या जाळल्या गेल्या, एका तरुणाचा जीव गेला.

शब्दांची ओढाताण गावाच्या नावापासूनच सुरू होते. सरकारी कागदात गाव "कोरेगाव भीमा", तालुका शिरूर. अभिवादनाला येणाऱ्यांच्या तोंडी "भीमा कोरेगाव". स्तंभ तर पेरणे गावात, हवेली तालुक्यात. त्या दिवसाच्या आधी शेजारच्या वढू बुद्रुकलाही भांडण पेटलं होतं, आणि तेसुद्धा एका फलकावरच्या मजकुरावरून. संभाजी महाराजांचे अंत्यसंस्कार कोणी केले, हे त्यावर लिहिलं होतं. म्हणजे बघा, चार ओळींची पाटी, पण ती कोणी लिहायची हा केवढा मोठा प्रश्न.

मग बातम्या आल्या. कोणी लिहिलं "दोन गटांत दंगल", कोणी "हल्ला", कोणी "हिंसाचार". दंगल म्हटलं की दोन्हीकडचे सारखेच भांडखोर ठरतात. हल्ला म्हटलं की एक मारणारा, एक मार खाणारा. आणि एक शब्द तर आम्हांला कधीच उमगला नाही: "गालबोट". कार्यक्रमाला गालबोट लागलं म्हणे! गालबोट आपण बाळाला दृष्ट लागू नये म्हणून लावतो. जाळलेल्या गाडीला आणि गेलेल्या जिवाला ते कसं पुरेल?

पुढे जून २०१८ पासून अटका सुरू झाल्या. एकूण सोळा जण. त्यांत नागपूरच्या प्राध्यापक शोमा सेन होत्या, वकील सुधा भारद्वाज होत्या. यातले बहुतेक जण शनिवारवाड्याच्या सभेला नव्हतेच. ते दोषी की निर्दोष, हे कोर्टानं ठरवायचं. पण कोर्टाच्या आधी टीव्हीनं ठरवलं. "शहरी नक्षलवादी" हा शब्द घरोघर गेला. ज्या यूएपीए कायद्याखाली त्यांना धरलं, त्यात तो शब्दच नाही. पोलिसांनी पत्रकार परिषदेत पत्रं वाचून दाखवली, आणि "कथित" हा छोटासा शब्द मथळ्यातून गळून पडला. सर्वोच्च न्यायालयात तिघांपैकी एका न्यायमूर्तींनी आपल्या वेगळ्या निकालपत्रात पोलिसांच्या या वागण्यावर ताशेरे ओढले, पण ते कितीजणींनी ऐकलं? झारखंडातले फादर स्टॅन स्वामी कंपवाताचे रोगी. पेला हातात धरता येईना म्हणून त्यांनी नळीचा पेला मागितला, त्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला, ८४ व्या वर्षी, कोठडीतच ते गेले. खटला उभा राहिलेला नव्हता.

त्याच वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, केंद्र सरकारनं वाहिन्यांना सूचना केली की "दलित" न म्हणता "अनुसूचित जाती" म्हणावं. सरकारी दाखल्यावर तो शब्द ठीक आहे. पण "दलित" या शब्दात दळणारा दिसतो, दळला जाणारा दिसतो. "अनुसूचित" म्हणजे यादीतला. यादीत कोणी कोणाला दळलं, ते कुठं लिहिलेलं असतं?

हे सगळं पुण्या-मुंबईचं, असं वाटेल. तर आपल्या तालुक्याच्या पानावर या. "चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून." संशय त्याच्या डोक्यात, आणि चारित्र्य हा शब्द चिकटतो मेलेल्या बाईला. तिची बाजू सांगायला ती उरलेली नसते. "पतीने पत्नीला ठार मारले" एवढं लिहिलं तर बातमीत काय कमी पडतं? आणखी एक. कापूस वेचते ती, निंदते ती, पण साप चावला तर ती "शेतकऱ्याची पत्नी". सातबारावर नाव नाही, म्हणून बातमीतही शेतकरी नाही.

आमचं म्हणणं एवढंच की बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं पेपर मोठ्यानं वाचा. एकीनं वाचावं, बाकीच्यांनी विचारावं: हे केलं कोणी? हे सांगितलं कोणी? बाईला कोणी विचारलं का? नुसतं "पोलिसांनी सांगितले" असेल तर पेन्सिलीनं खूण करा. फारच खटकलं तर संपादकांना पत्र लिहा, तारीख आणि पान घालून, गटाच्या नावानं. खूण केलेली कात्रणं रेडिओच्या खोलीत आणून द्या. पुढच्या आठवड्यात ती इथूनच वाचू, आणि प्रत्येकीखाली आपण ती बातमी कशी लिहिली असती, तेही सांगू.