लिफ्टमधला आरसा आणि लेसर

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी त्वचारोगतज्ज्ञ आहे हे सोसायटीत कळल्यापासून माझी अर्धी ओपीडी लिफ्टमध्ये चालते. "डॉक्टर, पिंपलचे खड्डे लेसरने जातात का हो?" हा प्रश्न तळमजल्यावर येतो आणि उत्तर चौथा मजला यायच्या आत हवं असतं. आज पंखा आहे, खुर्ची आहे, तेव्हा नीट सांगते.

सुरुवात त्या लिफ्टपासूनच करू. तिथला दिवा बरोबर डोक्यावर आहे. वरून उजेड पडला की गालावरच्या प्रत्येक खळगीत सावली पडते, आणि आरशात आपल्याला दिसते ती बरीचशी सावलीच. तोच चेहरा घरी खिडकीसमोर बघा, पुष्कळ बरा दिसेल. म्हणून डॉक्टरकडे जाण्याआधी दोन गोष्टी वेगळ्या करा. बोट फिरवल्यावर सपाट लागतं पण रंग काळपट किंवा लालसर आहे, तो डाग. बोटाला खोलगट लागतं आणि तिरक्या उजेडात जास्त दिसतं, तो खड्डा. डाग बहुतेक वेळा काही महिन्यांत, सनस्क्रीन आणि साध्या मलमांनी फिकट होतात. मला लिफ्टमध्ये विचारणाऱ्या बऱ्याच जणांना नुसते डाग आहेत. त्यांनी लेसरचे पैसे वाचवावेत.

खड्डे मात्र आपोआप भरत नाहीत. त्यांचेही प्रकार आहेत. काही सुईने टोचल्यासारखे अरुंद आणि खोल, काही उभ्या कडांचे, देवीच्या वणांसारखे, आणि काही लाटेसारखे उथळ, जिथे आतल्या तंतूंनी त्वचा खाली ओढून धरलेली असते. लेसर उभ्या कडांच्या उथळ खड्ड्यांवर चांगला चालतो. सुईसारख्या खड्ड्यांच्या तळाशी तो पुरेसा पोचत नाही, तिथे टोकदार काडीने तीव्र आम्लाचा थेंब सोडावा लागतो किंवा तेवढाच भाग कापून काढावा लागतो. लाटेसारख्यांना आधी सुईने आतले तंतू सोडवावे लागतात. एकाच गालावर हे तिन्ही असू शकतात. न तपासता फोनवर "सहा सिटिंगचं पॅकेज घ्या" असं कोणी सांगितलं, तर फोन ठेवून द्या.

आता लेसर करतो काय? इथल्या आज्यांना पाट्याला टाकी लावणं आठवत असेल. गुळगुळीत झालेल्या पाट्यावर छिन्नीने बारीक बारीक ठिपके पाडायचे. फ्रॅक्शनल लेसर असेच डोळ्यांना जेमतेम दिसणारे ठिपके त्वचेत पाडतो, आणि मधली त्वचा शाबूत ठेवतो. २००४ साली ही कल्पना मांडली गेली. त्याआधीचे लेसर वरचा सगळा थर काढायचे आणि माणूस कितीतरी दिवस घरात बसायचा. पाटा स्वतःहून भरत नाही, त्वचा भरते. शाबूत भागातून ती लवकर सांधते आणि खाली नवं कोलॅजन तयार होतं. ते काम तीन ते सहा महिने चालू राहतं. म्हणून दुसऱ्या दिवशी आरशात फरक शोधू नका.

त्या दिवशी काय होतं ते सांगते. आधी तासभर बधीर करणारं मलम लावतात. मग गरम सुया टोचल्यासारखं आणि थोडा जळका वास. साधारण वीस-पंचवीस मिनिटं. घरी जाताना चेहरा भर उन्हात क्रिकेट खेळून आल्यासारखा लाल. दोन-तीन दिवस सूज. मग बारीक तपकिरी खपल्या, हाताला सँडपेपरसारख्या, त्या पाच ते सात दिवसांत आपोआप पडतात. खरवडायच्या नाहीत, हे मुलांपेक्षा त्यांच्या आयांना जास्त सांगावं लागतं. साधा चेहरा धुवा, सांगितलेलं मलम लावा. हळद, लिंबू, कोरफड काहीही नको.

आणि ऊन. आपल्या गव्हाळ, सावळ्या त्वचेला इजा झाली की ती काळी पडून उत्तर देते. माझीच चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एक मुलगी आली, लग्न सहा आठवड्यांवर. आई रडवेली, "फोटोत गाल दिसतात हो." मला नाही म्हणवलं नाही. लेसर उत्तम झाला. ती खपल्या पडल्यापडल्या पत्रिका वाटायला स्कूटरवरून भर दुपारी हिंडली, आणि ती हिंडणार हे मी विचारायला हवं होतं. तीन आठवड्यांनी दोन्ही गालांवर काळपट चौकोन उमटले. लग्न जाड मेकअपखाली झालं. डाग जायला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत ती एकदाही मला रागावून बोलली नाही, ते अजून लागतं. आता मी नाव विचारल्यावर लगेच कार्याची तारीख विचारते. सहा महिन्यांच्या आत असेल तर मेकअपवालीचा नंबर घ्या म्हणते.

निकालाचं खरं सांगायचं, तर तीन-चार सिटिंग, प्रत्येकी महिना-दीड महिन्याच्या अंतराने, आणि शेवटी खड्डे साधारण निम्मे उथळ झाले, तर मी त्याला चांगला निकाल म्हणते. काच होत नाही. खर्च काही हजारांत सिटिंगमागे, आणि मेडिक्लेम सहसा देत नाही. पिंपल नवीन येत असतील तर आधी ते थांबवायचे. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच थांबवल्या असतील, ओठावर वारंवार पाण्याचे फोड येत असतील, कुठल्याही जखमेचा वण फुगून जाड होत असेल, तर हे डॉक्टरला न विचारता सांगा. आणि समोरची व्यक्ती त्वचारोगाची पदवी घेतलेली आहे का, हे विचारायला लाजू नका. आपण प्लंबरलाही विचारतो.

पालकांना एक गोष्ट. "वयाचा भाग आहे, लग्न झालं की जातात" असं माझ्याही घरी म्हणत. पिंपल गेले, खरंच गेले. खड्डे माझ्या डाव्या गालावर आहेत, पुढच्या रांगेतल्यांना दिसत असतील. दुखणाऱ्या, खोल गाठी येणाऱ्या मुलाला वेळेत औषध दिलं तर बहुतेक वेळा लेसरची पाळीच येत नाही. ते औषध लेसरच्या एका सिटिंगपेक्षा बरंच स्वस्त पडतं. फक्त मेडिकलवाल्याकडून आणलेलं "गोरं करणारं" मलम नको. त्यात अनेकदा स्टेरॉइड असतं, आठ दिवस चेहरा तुकतुकीत दिसतो आणि मग दुप्पट फुलतो.

सेक्रेटरी साहेब, लिफ्टमधला दिवा बाजूच्या भिंतीवर घेता आला तर बघा, त्याला सिटिंग लागत नाहीत. बाकी प्रश्न आत्ता विचारा. मागच्या रांगेतल्यांनी चिठ्ठी पाठवली तरी चालेल, नाव लिहू नका.