लुंग, अजगर आणि मगर

सर्पाचे अंग नि हरणाची शिंगे ल्यालेला ड्रॅगन चिनी लोककथांत ‘लुंग’ म्हणून पूज्य आहे. पाऊस आणतो तोच. सम्राटाच्या वस्त्रावरही तो विराजमान असे. बायबलच्या अखेरच्या ग्रंथात मात्र ड्रॅगन म्हणजे साक्षात सैतान! मराठी भाषांतरात त्याचा ‘अजगर’ झाला. चिनी भाषांतरकारांनी ‘लुंग’ हाच शब्द योजला. पर्जन्यदाता सैतान ठरलेला पाहून तेथील भाविकास काय वाटले असेल? बडोद्यात राहून मला त्याची थोडी कल्पना येते. वर्गात मी शिकवितो ती पंचतंत्रातील मगर विश्वासघातकी. गुजरातेत तीच खोडियार मातेचे वाहन. २०२४ च्या पुरात विश्वामित्रीतील मगरी वस्तीत शिरल्या, तेव्हा आमच्या शेजारीणबाई दाराला कडी लावून आतूनच हात जोडीत होत्या.