आईच्या लग्नात त्यांना काय द्यायचं?

(भागाचं लिखित रूप. बोलताना आलेली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.)

मागच्या आठवड्यात रिसोडकडच्या एका मुलाचा मेसेज आला. दहावीत आहे. त्याच्या आईचं दुसरं लग्न ठरलंय आणि तो विचारतो, "ताई, माझ्याजवळ 200 रुपये आहेत. त्या काकांना काय देऊ? स्वस्त वाटलं नाही पाहिजे आणि जास्त लाडीगोडी लावतो असंही वाटलं नाही पाहिजे."

मी मेसेज वाचला आणि फोन बाजूला ठेवून दिला. कारण 2018 साली मी अकरावीत होते, वाशिममध्येच, आणि माझ्याजवळही बरोबर एवढेच पैसे होते. भाऊबीजेला मामानं दिलेले. हे मी आजवर या पॉडकास्टवर कधी बोलले नव्हते. आज बोलते.

आधी घर सांगते. बाबा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. घरात आई, मी, नऊ वर्षांचा भाऊ आणि आजी. आजी म्हणजे बाबांची आई, हे लक्षात ठेवा. आई आशाताई म्हणून काम करायची, अजूनही करते. आणि ज्यांच्याशी लग्न ठरलं ते एसटीत कंडक्टर. त्यांची बायकोही वारली होती, मूलबाळ नव्हतं. स्थळ आणलं माझ्या मामानं, पण होकार दिला आजीनं. आई तर नाहीच म्हणत होती. आजी तिला म्हणाली, "मी किती दिवस पुरणार हाओ तुले?" झालं.

आपल्याकडे विधवेचं लग्न ही काही नवी गोष्ट नाही हो. बऱ्याच समाजांत 'पाट लावणं' पूर्वीपासून होतंच. ज्यांच्यात नव्हतं त्यांच्यासाठी 1856 चा कायदा आला. महर्षी कर्व्यांनी 1893 मध्ये पुण्यात गोदूबाईंशी, म्हणजे आनंदीबाईंशी लग्न केलं, त्या विधवा होत्या. मुरुडला त्यांच्यावर बहिष्कार पडला, हे शाळेत सांगतात. पण कर्व्यांना पहिल्या पत्नीपासून एक मुलगा होता, रघुनाथ. पुढे संततिनियमनाचं काम करणारे र. धों. कर्वे ते हेच. त्या लग्नाच्या वेळी तो 11 वर्षांचा होता. अख्खं गाव बापावर चिडलेलं आणि घरात नवी आई येतेय. त्या पोराला काय वाटलं असेल, हे आपल्याला कोणी परीक्षेत विचारत नाही.

असो. माझ्याकडे वळू.

आईचं लग्न नोंदणी पद्धतीनं, 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली होणार होतं. त्यात आधी नोटीस द्यावी लागते, तीस दिवस थांबावं लागतं, मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. म्हणजे माझ्याजवळ एक महिना होता. पहिले पंधरा दिवस मी नुसती दुकानं पाहिली. शर्ट घ्यावा तर माप माहीत नाही, आणि बरा शर्ट चारशेच्या खाली नाही. सेंट पाहिला, वास आवडला नाही. पाकीट पाहिलं, पण कंडक्टर माणूस, दिवसभर चामड्याची पिशवी खांद्याला, त्याला अजून एक पाकीट कायले?

मग भावानं मोबाईलवर एक कप दाखवला. पांढरा, फोटो टाकून मिळतो, वर लिहिलेलं 'बेस्ट पापा'. 249 रुपये. भाऊ म्हणाला, उरलेले माझ्या गल्ल्यातून देतो. मी त्याच्यावर एवढी ओरडले की आजी बाहेर आली. खरं सांगते, कप वाईट नव्हता. माणूसही वाईट नव्हता. पण तो शब्द मला द्यायचा नव्हता. तो अजून माझ्याजवळ शिल्लकच नव्हता.

आणि इथे मला तो रविवार आठवला, ते पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले होते तो.

आमच्या घरात ताटं पाच. तुमच्याही घरी असतील तशी, काठावर मशीननं टिंब टिंब करून नावं टाकलेली. चार आमची आणि पाचवं बाबांचं, आईबाबांच्या लग्नाच्या आहेरात आलेलं. ते मांडणीवर सगळ्यात वर असायचं. आखाजीला पितरांचं पान त्यात वाढायचं, एरवी कोणी हात लावत नव्हतं. त्या दिवशी पाच माणसं जेवायची म्हणून भावानं स्टुलावर चढून ते काढलं आणि त्यांच्यासमोर मांडलं. त्याला बिचाऱ्याला हिशेब तेवढाच कळला, पाच माणसं, पाच ताटं.

आई पोळी लाटता लाटता थांबली. आजी काही बोलेना. त्यांनी ताट उचललं, काठावरून बोट फिरवत नाव वाचलं. तिकिटाचा नंबर वाचावा तसं. मग उठले, ताट फडक्यानं पुसून परत मांडणीवर ठेवलं आणि भावाला म्हणाले, "हे तुह्या बाबायचं आहे. मले डब्याचं झाकण दे, चालते." आणि खरंच, पिठाच्या डब्याच्या झाकणात जेवले. वरण एका बाजूला ओघळत होतं, तर झाकणाखाली चमचा लावून घेतला.

मग मला दुकानं फिरायची गरजच राहिली नाही. माणसाला ताट नव्हतं.

पाटणी चौकाकडे भांड्यांची दुकानं आहेत, तिथे गेले. स्टीलचं ताट 170 ला. नाव टाकायचे 20. दुकानदारानं मशीन हातात घेतली आणि विचारलं, "काय नाव?" मला वाटलं होतं हा प्रश्न सोपा असेल. भाऊ सोबत होता, तो म्हणाला, 'बाबा' टाका. मी म्हटलं, 'काका' टाका. दुकानदार हसला, म्हणाला, ठरवून या. आम्ही ताट घेऊन घरी.

आजीला विचारलं. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "भांड्यावर माणसाचं नाव टाकतेत. काका-बाबा कोणी टाकते का?" खरंच की. मांडणीवर तेवढी भांडी होती, एकावरही नातं लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परत गेले. त्यांचं नाव सांगितलं, टाकून झालं. दुकानदार म्हणाला, "आहेर आहे ना? कोणाकडून?" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचंही नाव असतं. आणि माझं नाव म्हणजे माझं, मग बाबांचं, मग आडनाव. नुसतं पहिलं नाव टाकलं असतं तर चाललं असतं, कोणी काही म्हटलं नसतं. पण त्या महिन्यात मला रात्री झोप लागत नव्हती ती याच कारणानं. मला वाटत होतं, आईचं लग्न झालं की माझं मधलं नाव जाणार. तसं काही नसतं, बरं का. आईनं लग्न केलं म्हणून मुलांचं नाव आपोआप बदलत नाही, दाखल्यावर आहे तेच राहतं. पण मला हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं आणि मी कोणाला विचारलंही नव्हतं.

मी म्हटलं, "पूर्ण नाव टाका."

मशीन घर्रर्र चालली. वर त्यांचं नाव, खाली माझं, त्यात बाबांचं. घरी येईपर्यंत मला पश्चात्ताप झाला. त्यांना वाटलं तर? की ही पोरगी पहिल्याच दिवशी सांगतेय, मी तुमची नाही म्हणून? परत जाऊन पुसता येत नाही, स्टीलवरचं ते.

लग्नाच्या दिवशी तिसऱ्या साक्षीदाराची सही आजीनं केली. दुसरीपर्यंत शिकलेली, अर्धा मिनिट लागला. संध्याकाळी घरी जेवायला बसलो तेव्हा मी ताट कागदातून काढून त्यांच्यासमोर ठेवलं. काही बोलले नाही. त्यांनी परत तसंच बोट फिरवलं. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीवर बोट मध्येच थांबलं. मी आजीच्या पायाकडे पाहत होते.

ते म्हणाले, "अक्षरावर पैसे घेतले का त्यानं?"

मी म्हटलं, "नाही, 20 रुपये सरसकट."

"मंग बरं केलं, पुरं टाकलं ते." आणि आईकडे ताट पुढे केलं, "वाढा."

एवढंच झालं. रडारड नाही, मिठ्या नाहीत. भाऊ त्यांना महिनाभरात बाबा म्हणायला लागला. मी आजही काकाच म्हणते. कॉलेजच्या फॉर्मवर सही करायला तेच येत होते आणि नात्याच्या रकान्यात स्वतःच्या हातानं 'आईचे पती' असं लिहीत होते. मला विचारायला लावलं नाही कधी.

2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा टीव्हीवर बातमी पाहून आजी म्हणाली, "आपण आधीच केलं."

तर रिसोडच्या मित्रा, ताटच घे असं नाही. ते काका तुमच्याकडे आले की कशाला अडखळतात ते बघ. चप्पल कुठं काढू, टॉवेल कोणता घेऊ, मोबाईल कुठं चार्जिंगला लावू. 200 मध्ये टॉवेल येतो, भिंतीला ठोकायचा खुंटा तर तीस-चाळीसमध्ये. 'पापा' लिहिलेलं काही घेऊ नको, तुला स्वतःला वाटत असेल तरच घे. आणि त्यावर नाव टाकायचं ठरलं तर तुझं पूर्ण टाक. काय घेतलंस ते मला कळव.